ग्रामसभेचा ठराव आणि संविधान : आदिवासी स्वशासनाची बाजू न्यायालयात कशी मांडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचा पाडा महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात (संविधानाखाली घोषित आदिवासीबहुल भागात), एका गट ग्रामपंचायतीत येतो. जवळच्या डोंगरावर प्रस्तावित असलेल्या खाणीला ग्रामसभेने एकमताने विरोध केला, परंतु संबंधित कार्यालयाने तो ठराव केवळ स्थानिकांचे मत म्हणून फाइलला लावून पुढील कार्यवाही सुरू ठेवली. संविधानाने आदिवासींना स्वशासन दिले आहे असे सांगतात; ते खरोखर दिले आहे का, आणि दिले असेल तर न्यायालयात ते कशाच्या आधारे मागायचे, असे त्यांनी विचारले आहे.

स्वशासनाचा अधिकार आहे, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. मात्र तो संविधानाच्या एखाद्या कलमात तयार स्वरूपात लिहिलेला नाही. पाचवी अनुसूची, १९९६ चा पेसा कायदा (पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा), २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१३ चा भूसंपादन कायदा यांच्यात तो विखुरलेला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याची ताकद निराळी आहे. ग्रामसभेच्या बाजूने काम करताना मला वारंवार दिसले आहे की भावना खरी, हक्क खरा, पण याचिकेत सगळ्या कायद्यांची नावे एकत्र लिहिलेली आणि त्यांतल्या नेमक्या कोणत्या तरतुदीने ग्रामसभेला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला आहे हे कुठेच सांगितलेले नाही. न्यायालय अशा वेळी सहानुभूती दाखवते आणि याचिका निकाली काढते. म्हणून या उत्तरात मी अधिकारांच्या या वेगवेगळ्या ताकदीवर आणि ग्रामसभेच्या दप्तरावर अधिक बोलणार आहे. स्वशासनाची बाजू न्यायालयात भक्कम होते की कोसळते, हे माझ्या मते पुष्कळ अंशी गावातच ठरलेले असते.

संविधानाच्या अनुच्छेद २४४ ने आदिवासी प्रदेशांसाठी दोन वेगळे मार्ग आखले. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम यांतील क्षेत्रांसाठी सहावी अनुसूची आहे. तेथील स्वायत्त जिल्हा परिषदांना जमीन, राखीव वगळता अन्य वने, फिरती शेती, वारसा, विवाह आणि सामाजिक चालीरीती यांवर स्वतः कायदे करण्याचा, कर बसवण्याचा आणि न्यायालये नेमण्याचा अधिकार आहे. उर्वरित भारतातील अनुसूचित क्षेत्रांसाठी पाचवी अनुसूची आहे. ती आज महाराष्ट्रासह दहा राज्यांत लागू आहे आणि महाराष्ट्रात पालघरपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत तिचे क्षेत्र पसरले आहे. या अनुसूचीने लोकांच्या हाती सत्ता दिली नाही, राज्यपालांच्या हाती दिली. परिच्छेद ५ नुसार राज्यपाल संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा फेरबदलांसह लागू होईल, असे अधिसूचनेने ठरवू शकतात. जमिनीचे हस्तांतरण आणि सावकारी यांवर विनियम करू शकतात. जनजाती सल्लागार परिषदेत कमाल २० सदस्य असतात आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. पण नाव सांगते त्याप्रमाणे ती सल्ला देते, निर्णय घेत नाही.

संविधान सभेत आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा यांनी डिसेंबर १९४६ मध्ये आदिवासींना लोकशाही शिकवण्याची भाषा नाकारली आणि लोकशाहीच्या रीती त्यांच्याकडूनच शिकाव्या लागतील असे बजावले होते. पाचव्या अनुसूचीच्या रचनेत मात्र ती दृष्टी उतरली नाही. तिथे आदिवासी हा संरक्षण देण्याचा विषय राहिला. जवळजवळ अर्धशतकानंतर ही उणीव काही अंशी भरून निघाली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज आणले, पण अनुच्छेद २४३एम ने ते अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू केले नाही; संसद वेगळा कायदा करून, अपवाद आणि फेरबदलांसह, ते लागू करू शकेल असे ठेवले. या वेगळ्या कायद्यासाठी नेमलेल्या दिलीपसिंग भुरिया समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ पासून पेसा अमलात आला. कायदेशीर युक्तिवादासाठी हा क्रम महत्त्वाचा आहे. पेसा हा पंचायतींविषयीचा आणखी एक साधा कायदा नाही. संविधानाने स्वतः मोकळ्या सोडलेल्या जागी संसदेने संविधानाच्या आज्ञेने केलेली ती व्यवस्था आहे. राज्य विधिमंडळ त्याच्याशी विसंगत कायदा करू शकत नाही असे कलम ४ च्या पहिल्याच ओळीत आहे.

हे कलम ४ नीट वाचल्यावर एक बारकावा लक्षात येतो आणि माझ्या मते तो प्रत्येक वकिलाने वापरायला हवा. इंग्रजी क्रमाने (डी) असा जो खंड आहे, त्यात प्रत्येक ग्रामसभा आपल्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक संसाधने आणि तंटे सोडवण्याची रूढ पद्धत यांचे जतन करण्यास सक्षम असेल, असे थेट म्हटले आहे. हा अधिकार राज्याने द्यायचा नसून कायद्यानेच दिलेला आहे. याउलट गौण वनोपजाची (तेंदू, मोहफुले यांसारख्या वनउत्पादनांची) मालकी, बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देणे, गावचे बाजार आणि सावकारीवर नियंत्रण हे अधिकार (एम) या खंडात आहेत आणि तिथली भाषा अशी आहे की राज्याने ग्रामसभेला व योग्य स्तरावरील पंचायतींना ते प्रदान होतील याची खात्री करावी. म्हणून (एम) मधील अधिकार मागताना राज्याचा कायदा आणि नियम दाखवावे लागतात. (डी) मधील अधिकार मागताना राज्याने नियम केले नाहीत ही सबब चालत नाही. राज्यांनी या सबबीचा भरपूर उपयोग केला आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले, आणि छत्तीसगढ व मध्य प्रदेशचे २०२२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तब्बल २६ वर्षांनी.

आता खाणीच्या प्रश्नाकडे येतो. पेसामध्ये ग्रामसभेच्या शब्दाला तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर वजन दिलेले आहे. भूसंपादन आणि पुनर्वसनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. गौण खनिजांचा पूर्वेक्षण (खनिजाचा शोध घेण्याचा) परवाना किंवा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. आणि लोह, बॉक्साइट, कोळसा अशा प्रमुख खनिजांबाबत पेसामध्ये काहीच नाही. तेव्हा तुमच्या डोंगरावर कोणते खनिज काढणार आहेत, हे आधी पाहा. दगड, मुरूम असे गौण खनिज असेल तर पूर्व शिफारशीशिवाय दिलेला पट्टा थेट आव्हानास पात्र आहे. प्रमुख खनिज असेल तर केवळ पेसावर विसंबून राहू नका. तुमचे बळ अन्य दोन कायद्यांत आहे.

त्यांपैकी पहिला २०१३ चा भूसंपादन कायदा. त्याच्या कलम ४१ नुसार अनुसूचित क्षेत्रात शक्यतो संपादन करू नये, केलेच तर तो शेवटचा उपाय असल्याचे दाखवता आले पाहिजे आणि अधिसूचना निघण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वसंमती घेतली पाहिजे. इथे विचारविनिमय नाही, शिफारस नाही, संमती आहे. निकडीच्या संपादनालाही त्यातून सूट दिलेली नाही. अडचण अशी की याच कायद्याच्या कलम १०५ ने चौथ्या अनुसूचीतील १३ कायद्यांखालील संपादने बाहेर ठेवली आणि त्यांत कोळसाधारक क्षेत्रांचा १९५७ चा कायदा व राष्ट्रीय महामार्गांचा १९५६ चा कायदाही आहे. यावर एक युक्तिवाद करण्यासारखा आहे: कलम ४१ च्या उपकलम (३) मध्ये ‘या किंवा अन्य कोणत्याही केंद्रीय कायद्याखालील’ अधिसूचनेपूर्वी संमती घ्यावी असे स्पष्ट शब्द आहेत आणि अनुसूचित क्षेत्रासाठीची ही विशेष तरतूद १०५ च्या सामान्य सवलतीपुढे टिकली पाहिजे. हा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे योग्य मानतो, पण तो वादग्रस्त आहे आणि एकट्या त्याच्यावर याचिका टेकवू नये.

दुसरा आणि अधिक भक्कम आधार वनहक्क कायद्याचा आहे. खाणीची जमीन वनजमीन असेल तर इथेच तुमचा खरा गड आहे. कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी क्रमाने (आय), हे सामूहिक वनसंसाधनाचे, म्हणजे गावाने परंपरेने जपलेल्या वनाचे, संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य करते. कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव, पाणलोट आणि सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा यांना बाधा आणणाऱ्या गोष्टी थांबवण्याचा अधिकार देते. कलम ४(५) पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वनहक्कधारकाला हटवण्यास मनाई करते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ रोजी काढलेल्या परिपत्रकाने वनजमीन वनेतर कामासाठी वळवण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा आणि ग्रामसभांच्या संमतीचा पुरावा मागितला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी हा क्रम बदलून वनहक्क कायद्याच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्य सरकारवर टाकली. हा बदल मला गंभीर वाटतो, कारण केंद्राची मंजुरी हाती आल्यावर ग्रामसभेला विचारणे हा उपचार उरतो. तरीही नियम मूळ कायद्याला मागे सारू शकत नाहीत. कलम ४(५) आणि ५ आजही तसेच आहेत आणि याचिकेचा पाया परिपत्रकावर न ठेवता याच कलमांवर ठेवावा.

नियमगिरीचा निकाल सगळेच उद्धृत करतात, पण तो नेमका कशामुळे मिळाला याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ओडिशातील रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतील डोंगरावर बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. डोंगरिया कोंध समाजासाठी तो डोंगर नियमराजाचे स्थान आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाण रद्द केली नाही. वनहक्क कायदा, पेसाचा तोच (डी) खंड आणि अनुच्छेद २५ व २६ यांचा एकत्र विचार करून, धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना खाणीमुळे बाधा येते का, हे ठरवण्याचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि कामकाजावर देखरेखीसाठी जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले. त्या वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये बारा ग्रामसभा झाल्या. बारांनीही नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने मंजुरी नाकारली. डोंगराभोवती याहून बरीच अधिक गावे असताना केवळ बाराच का निवडली, हा आक्षेप तेव्हाही रास्त होता. पण वकिलासाठी महत्त्वाचे ते असे, की ‘ही जमीन आमची आहे’ एवढ्यावर दावा थांबला नव्हता. संपूर्ण डोंगर ही पूजेची जागा आहे, केवळ शिखर नव्हे, असा नेमका हक्क मांडला गेला आणि त्या हक्काबद्दल निर्णय देण्यास योग्य संस्था ग्रामसभाच आहे, हे न्यायालयाला पटले.

समता विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा ११ जुलै १९९७ चा निकाल निराळ्या प्रकारचा आहे. तिथे आंध्रचा जमीन हस्तांतरण विनियम होता, जो अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला देण्यास मनाई करत होता. बहुमताने असे ठरले की सरकारदेखील त्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे, त्यामुळे सरकारी जमिनीचा खाणपट्टाही बिगरआदिवासींना देता येणार नाही. पुढे २००१ मध्ये बाल्को (भारत ॲल्युमिनियम कंपनी) प्रकरणात न्यायालयाने, मध्य प्रदेशच्या जमीन महसूल कायद्यातील तरतूद वेगळी असल्यामुळे, हा निकाल तिथे लागू केला नाही. म्हणून महाराष्ट्रात समताचा आधार घेताना आपल्या जमीन महसूल संहितेचे कलम ३६ व ३६अ आणि जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा पुढे ठेवावा लागतो. १९७४ च्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात मान्य केली आहे आणि त्या निकालातील सामाजिक न्यायाची मीमांसा आजही उपयोगी पडते. समताचा गाभा समजून घेऊन आपल्या राज्याच्या कायद्यातून तो उभा करणे, हे काम कष्टाचे आहे, पण केवळ निकालाचे नाव घेण्याहून अधिक फलदायी आहे.

आता दप्तराकडे. तुमच्या पत्रात ‘आमच्या ग्रामसभेने’ असे म्हटले आहे. ती ग्रामसभा नेमकी कोणाची, हा प्रतिपक्षाचा पहिला प्रश्न असेल. गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा आणि तुमच्या पाड्याची ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेसाच्या दृष्टीने गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. परंपरा आणि रूढींनुसार आपला कारभार चालवणाऱ्या समुदायाची वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव. वनहक्क कायद्यानेही हीच व्याख्या स्वीकारली आहे आणि तिथे ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ येतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत पाड्याने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाण्याची पद्धत दिली आहे. हे काम तुमच्या पाड्याने अजून केले नसेल तर खाणीच्या लढ्याइतक्याच तातडीने करावे. तोवर पाड्याचा ठराव आणि गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव, दोन्ही हाती असू द्या. मोठ्या ग्रामपंचायतीत आदिवासी पाडे संख्येने कमी पडतात आणि त्यांचा नकार इतरांच्या होकारात बुडतो, हे स्वशासनाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले दुखणे आहे. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळाली की पुढचा निम्मा वाद संपतो.

ठराव कसा लिहिला आहे, याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. ‘ग्रामसभेचा खाणीस तीव्र विरोध आहे’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते, परंतु न्यायाधीशासमोर ते केवळ एका पक्षाचे मत ठरते. ग्रामसभा ही कायद्याने निर्णयाचा अधिकार दिलेली संस्था आहे, तर तिचा ठरावही निर्णयासारखा वाचता आला पाहिजे. सभेची सूचना कधी आणि कशी दिली, दवंडी कधी पिटली, किती जण हजर होते, त्यांत स्त्रिया किती होत्या, प्रकल्पाविषयी कोणती कागदपत्रे आणि कोणत्या भाषेत मिळाली, कोणती मागूनही मिळाली नाहीत, हे आधी नोंदवावे. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्म्या सदस्यांची गणपूर्ती आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया अशी अट आहे. दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हजर लागतात. ही अट पाळली नाही म्हणून चांगल्या ठरावांना बाधा येते आणि ती पाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. त्यानंतर तथ्ये यावीत: डोंगराच्या कोणत्या उतारावर कोणती देवस्थाने आहेत, तेथे वर्षातून कधी आणि कोण जातो, कोणते झरे कोणत्या शेतांना पाणी देतात, कोणत्या भागातून तेंदू, मोहफुले, बांबू आणि औषधी वनस्पती आणल्या जातात, गुरे कुठे चरतात. यासोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा. शेवटी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली कोणता हक्क बाधित होतो, हे लिहून नकाराची कारणे द्यावीत. असा ठराव ज्या अधिकाऱ्याकडे जातो त्याला दोनच मार्ग उरतात: त्यातील तथ्ये कारणे देऊन खोडून काढणे किंवा निर्णय थांबवणे. तो काहीच न बोलता पुढे गेला तर, कायद्याने विचारात घेणे बंधनकारक असलेली बाब विचारात घेतली नाही, हे न्यायालयीन पुनर्विलोकनाचे प्रस्थापित कारण तुमच्या हाती येते.

ठरावाच्या प्रती तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि राज्यपालांच्या कार्यालयातील आदिवासी कक्ष यांना पाठवून प्रत्येक ठिकाणची तारखेसह पोच जपून ठेवा. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण ठराव मिळालाच नाही असे शपथपत्र आले की आवक क्रमांक असलेल्या एका पानाने सारे चित्र पालटते.

त्याच वेळी, खाणीच्या वादापासून स्वतंत्रपणे, सामूहिक वनसंसाधनाचा दावा नमुना ‘क’ मध्ये दाखल झालेला असावा. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती आला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाने आधीच दिली होती. परंतु तिला कायद्याचे बळ आले ते अभ्यासगट, वनसंरक्षणाच्या स्वतःच्या नियमांची नोंद आणि सर्वसहमतीने घेतलेले निर्णय या दीर्घ तयारीमुळे. हक्काची नोंद हाती असलेल्या ग्रामसभेचा नकार आणि हक्काचा दावाच न केलेल्या ग्रामसभेचा नकार, यांना तत्त्वतः सारखेच वजन मिळायला हवे, कारण हक्क कायद्याने आधीच निहित झालेला असतो आणि नोंद त्याची केवळ मान्यता असते. व्यवहारात मात्र पहिल्याला फार अधिक वजन मिळते.

पुराव्याविषयी घाबरण्याचे कारण नाही. वनहक्क नियमांनी दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून मान्य केला आहे आणि दावे तपासणाऱ्या समित्यांनी विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह धरू नये असेही सांगितले आहे. विदर्भातील गावांकडे जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्तातील निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाचे सामायिक वापराचे हक्क आणि रूढी यांच्या नोंदी) असतात. ते महसूल अभिलेखातून काढून घ्यावेत. मौखिक परंपरेला पुरावा मानण्याच्या बाबतीत आपला कायदा जगात मागे नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डेलगामूक प्रकरणात मूलनिवासींच्या मौखिक इतिहासाला लिखित कागदांइतकेच स्थान द्यावे असे ठरवले. आपल्याकडे ती गोष्ट नियमातच लिहिली आहे. अडते ते समित्यांच्या सवयीत.

दावा फेटाळला गेला तर कारणांसह लेखी निर्णय मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे जा. महाराष्ट्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरही आता दाद मागता येते. राज्यपालांनी मे २०२० मध्ये पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरून वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता फेरबदल केला आणि विभागीय स्तरावर समित्या निर्माण केल्या. हा टप्पा महत्त्वाचा का, ते २०१९ मध्ये सर्वांना दिसले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांमधील कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती दिली, कारण दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती का, हाच प्रश्न अनुत्तरित होता.

स्वशासनाच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत, कारण त्या झाकून ठेवलेला युक्तिवाद पहिल्या प्रश्नातच अडखळतो. अनुच्छेद १३(३) नुसार रूढी हाही कायदा आहे, आणि म्हणूनच ती मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, स्त्रियांना वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे सांगितले. हा निकाल स्वशासनाला धक्का देतो असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या ग्रामसभेत स्त्रिया बोलतात आणि त्यांचे बोलणे इतिवृत्तात येते, तिचा ठराव न्यायालयातही अधिक बळकट ठरतो. तंटे रूढीने सोडवताना वाळीत टाकण्याचा मार्ग अवलंबला तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा लागू होतो आणि पेसा त्याच्या आड येत नाही. राज्यपालांचा अधिकारही अमर्याद नाही. एप्रिल २०२० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक जमातींसाठी राखून ठेवणारा आंध्रचा आदेश रद्द केला. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची सर्व अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवण्याची पेसाची तरतूद याच न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये झारखंडच्या प्रकरणात वैध ठरवली आहे. नोकरी आणि स्वराज्य संस्था यांतील हा फरक युक्तिवादात नेमका मांडता येतो.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घ्यावा, पण प्रमाणात. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने १४४ राष्ट्रांनी मतदान केले आणि त्यांत भारतही होता; मात्र सर्वच भारतीय मूलनिवासी आहेत ही आपली अधिकृत भूमिका राहिली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ वा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला, स्वयंनिर्णयाच्या अंगाने अधिक प्रगत असलेला १६९ वा केलेला नाही. या दस्तऐवजांतून स्वतंत्र हक्क मिळत नाही; आपल्या कायद्यातील संदिग्ध शब्दाचा अर्थ ग्रामसभेच्या बाजूने लावण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पेसामधील विचारविनिमय हा खरा असला पाहिजे, माहिती आधी मिळाली पाहिजे आणि दबाव नसावा, हे सांगताना त्यांचा आधार योग्य ठरतो.

राहिला प्रश्न कोणत्या दाराशी जायचे याचा. खाणीसाठी वनजमीन वळवण्याचा आदेश निघाला असेल तर त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील होते. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, मुदत ३० दिवसांची आहे आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. परंतु वनहक्क कायदा न्यायाधिकरणाच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न केवळ तिथे नेला तर अधिकारक्षेत्राच्या वादात अडकतो. तो अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात न्यावा, याचिकाकर्ता म्हणून ग्रामसभेचेच नाव द्यावे आणि याचिका दाखल करण्याचा व त्यासाठी व्यक्ती प्राधिकृत करण्याचा स्वतंत्र ठराव गणपूर्तीसह जोडावा. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवायचे असतील तर दोन्हीकडे दुसऱ्याचा उल्लेख करावा. तुमच्या प्रकरणात आदेशाची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती आजच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पाहा, कारण अपिलाची मुदत ती तारीख आणि तुम्हाला आदेश कळल्याची तारीख यांवरच मोजली जाईल.